आत्याचं माहेर

सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, एक पान अंगठ्याच्या नखावर चिकटलेलं, ओलं, कातऱ्या कडांचं, आणि ते झटकायचं सोडून दामिनी त्याच्याकडे बघतच राहिली, कारण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतो आहोत. गुणगुणतो! आज! रश्मीला आज पहिल्यांदा तिच्या बापाकडे पाठवायचं, सहा वर्षांची पोर आपल्याशिवाय रात्रभर पांढुर्ण्याला झोपणार, आणि आपण इथे सौंसरला भल्या सकाळी लग्नघर असल्यासारखी चार जुड्या कोथिंबीर चिरून बसलो आहोत... या सांबारवड्या कोणासाठी? रश्मीला तिखट चालत नाही. बाबांना तळलेलं बंद आहे. मग?

मग काय, सांग ना बाई. आत्यासाठी.

अकराच्या बसने आत्या येणार होती. आत्या म्हणजे सुशीला, बाबांची सख्खी बहीण. आणि आत्या म्हणजेच हेमराजची, दामिनीच्या नवऱ्याची, आई. मामाची मुलगी करायची इकडे रीतच, त्यामुळे दामिनी लग्न होऊन गेली ती आत्याच्याच घरी, आणि 'सासूबाई' हा शब्द तिच्या तोंडात कधी बसलाच नाही. दोन वर्षांपूर्वी ती रश्मीला घेऊन बापाकडे परतली. नवरा सुटला, म्हणजे सुटत आला, कोर्टात सगळं हळूहळूच होतं. पण त्याच्याबरोबर आत्याही सुटली, हे कोणी धरलंच नव्हतं. वकिलाने विचारलं नाही, बाबांनी विचारलं नाही, आणि मी तरी कुठे कोणाला सांगितलं?

कोर्टातल्या मध्यस्थीच्या खोलीत मध्यस्थ नलिनीताईंनी पोर कोणाकडे राहील ते दोन बैठकांत ठरवलं होतं. अडलं ते भलत्याच ठिकाणी. महिन्यातले दोन शनिवार रश्मीला पांढुर्ण्याला न्यायची कोणी? हेमराज दारात यायला नको, दामिनी त्याच्या दारात जायला नको. हेमराजला मामा, म्हणजे दामिनीचे बाबा, मधे नकोत. दामिनीला त्याचा भाऊ नको. "भांडण तुमचं आहे," नलिनीताई शेवटी वैतागल्या, "पण लेकरू कोणाच्या हातात दिलेलं दोघांनाही चालेल? एक तरी नाव सांगा!" हेमराज पंख्याकडे बघत म्हणाला, "माही आई." आणि त्याच दमात दामिनी म्हणाली, "आत्या." नलिनीताईंनी चष्मा काढला. "आता ही आत्या कोण?" दोघं हसले. हो, हसले, दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि हसल्याचा राग आल्यासारखे लगेच दोन भिंतींकडे वळून बसले. निघताना नलिनीताई तिला एवढंच म्हणाल्या होत्या, की आता गाडी रुळावर आली आहे, जुनं उकरू नका.

नाही उकरणार. 'ये आत्या, बस आत्या, पाणी घे.' तिने काल रात्री मनातल्या मनात सगळं घोकून ठेवलं होतं.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि परातीतल्या हिरव्या ढिगाकडे बघू लागले. चोराच्या मनात चांदणं... दामिनीने उगीच परातीवर ताट झाकलं.

"सुशी काल फोनवर काय म्हणे, आयकलं ना तू?" बाबा म्हणाले. "फाटकापाशीच थांबतो, पोट्टीले घेतो, त्याच ऑटोनं परत जातो. आत नाही येत म्हणे. मंग कायले एवढं करून राहिली?"

"माहेरी येऊन राहिली ना ती," दामिनी म्हणाली.

म्हणून गेली आणि मग ऐकलं. माहेरी. बाबा बागेकडे निघून गेले. संत्री उतरवायला माणसं आली होती, पण ते काही त्यासाठी गेले नव्हते. या घरात जन्मलेली आत्या. याच चुलीपाशी स्वयंपाक शिकलेली. दामिनीची आई गेली तेव्हा नऊ वर्षांच्या पोरीला कुशीत घेऊन सगळा उन्हाळा इथेच राहिलेली, आपला संसार तिकडे वाऱ्यावर सोडून. आणि गेली दोन वर्षं राखीला नाही, दिवाळीला नाही. राखी पोस्टाने यायची. बाबा एका हाताने, दातांत दोरा धरून, ती स्वतःच बांधून घ्यायचे आणि मी पलीकडे बघायचे. कशी येईल ती? मी बसले आहे ना इथे. घर आधी तिचं; मी कानामागून आले नि तिखट झाले. मी माहेरी आले आणि तिचं माहेर बंद झालं.

हे कळून वाईट वाटायला हवं होतं. वाटलंच. पण वाईट वाटता वाटता हात भराभर चालत होते, पारी लाटत होते, सारण भरत होते, आणि छातीत नुसती धडधड, शाळेच्या सहलीच्या सकाळी व्हायची तशी. रश्मी तर काय, दप्तर रिकामं करून त्यात बाहुली नि दोन फ्रॉक कोंबून कधीची ओट्यावर बसली होती. "आई, आजी बोलली होती मले झोका बांधून देईन." बोलली होती! कधी? फोनवर. म्हणजे हिच्याशी बोलते. माझं नाव काढते का? विचारावंसं वाटलं, पण पोरीला असलं विचारायचं नाही हे नलिनीताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पहिली वडी तेलात सोडली आणि तेल चरचरलं, तसा तो दिवस आलाच. हेमराजने भरलेलं ताट भिंतीवर भिरकावलं तो दिवस. वरण भिंतीवरून ओघळत होतं, रश्मी किंचाळत होती, आणि आत्या... आत्या उठली, ताट उचललं, भात गोळा केला, ओल्या फडक्याने भिंत पुसली. एक शब्द नाही. लेकाला नाही, मला नाही. हेमराजचं मला काय, तो तसाच होता, चिडला की हातात येईल ते फेकायचा. पण तू आत्या? तू भिंत पुसत बसलीस? घर सोडलं ते मी ताटासाठी नाही, त्या फडक्यासाठी सोडलं. कोर्टात हे कुठे लिहितात?

जुनं उकरू नका. बरं.

ऑटोचा आवाज आला. अकराला अजून वेळ होता, आधीची बस मिळाली असेल. तिने गॅस बंद केला, दप्तर उचललं, केसांवरून हात फिरवला आणि स्वतःचंच हसू आलं. मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखं काय हे! रश्मी पुढे पळाली. फाटकाच्या गजांपलीकडे आत्या उभी होती. वाळलेली. पदर डोक्यावरून घट्ट. तिने दामिनीकडे बघितलं नाही. हात वर नेला, फाटकाच्या वरच्या कोपऱ्याशी. तिथे पूर्वी साखळी असायची, लाकडी फाटक होतं तेव्हा. हे लोखंडी बाबांनी गेल्या वर्षी बसवलं. आत्याचा हात वरती चाचपला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिला स्वतःच्या माहेरचं फाटक उघडता येईना.

दामिनी धावलीच. "वर नाही वो आत्या, खाली खटका हाये!"

आत्याचा हात थांबला. मग तिने बघितलं. "माह्या बापाच्या घरचं फाटक," ती म्हणाली, "मले तू शिकवून राहिली?"

सासू असं बोलली असती तर अपमान झाला असता. पण हा आवाज सासूचा नव्हता. हा तो आवाज, वेणी घालताना हललं की मानेत टपली मारणारा, दोन वर्षांत कोणी आपल्यावर काढलाच नव्हता तो. आणि दामिनीला वाटलं आता रडू येणार, पण रडू नाही, तिच्या अंगभर भांडण चढत होतं, ताजं, गरम, आपल्या माणसाशी करायचं. 'ये आत्या, बस आत्या' कुठल्या कुठे गेलं. भिंत पुसलीस, तोंड का नाही उघडलंस? हे जगात एकाच माणसाला विचारता येतं, आणि ते माणूस समोर उभं होतं.

तिने खटका सरकवला. फाटक उघडलं. रश्मी आजीच्या कमरेला बिलगली. आत्याचा एक हात तिच्या डोक्यावर गेला, पाय जागचा हलला नाही.

"बाई, थांबू का जाऊ?" ऑटोवाल्याने विचारलं.

दामिनी उघडं फाटक धरून उभी होती. आत्या आत येईल की तशीच ऑटोत बसेल, कोण जाणे. पण बसलीच, तर आपणही चढणार आणि पांढुर्ण्यापर्यंत तिच्याशी भांडत जाणार, एवढं तिला पक्कं कळलं होतं.