बाबुरावांची तालीम

तालमीच्या चौथ्याच दिवशी बाबुराव सबनीसांनी नातवाचं काम करणाऱ्या सौमित्रला दंडाला धरून समोर वळवलं आणि इथे उभं राहून बोलायचं, आवाज शेवटच्या रांगेत गेला पाहिजे, असं बजावलं. रुचिता खुर्चीतून उठली.

"सर, या तालमीत सूचना मी देते."

बाबुरावांनी चष्मा काढून पुसला, शबनम पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

मोहने गावच्या कामगार वसाहतीत वाढलेल्या रुचिताला एकोणिसाव्या वर्षी स्टेजवर उभं केलं ते याच बाबुरावांनी. डोंबिवलीतली त्यांची संस्था तेव्हा स्पर्धा गाजवायची. श्वास कुठे घ्यायचा आणि समोरच्याचं वाक्य ऐकायचं कसं, हे तिला त्यांनी शिकवलं. तिची मुलगी कृतिका चार महिन्यांची झाली तशी रुचिता कामावर परतायला निघाली, तर तिची भूमिका दुसऱ्या मुलीला दिलेली. सांगितलं कोणी नव्हतं. तिला ते स्टेशनबाहेरच्या बोर्डावर वाचायला मिळालं. जाब विचारल्यावर, लेकुरवाळ्या बाईला दौरे झेपत नाहीत, एवढंच बाबुराव म्हणाले होते.

मग ती मालिकांकडे वळली. घोडबंदरच्या स्टुडिओत अकरा वर्षं काढली, पस्तिशीतच नायिकेची आई झाली. दोन शॉटच्या मध्ये बाकीचे मेकअप रूममध्ये जायचे, ही कॅमेऱ्याजवळ स्टूल टाकून बसायची आणि लेन्स का बदलली ते विचारायची. असं विचारता विचारता तिने आधी मालिकेचे भाग दिग्दर्शित केले, नंतर स्वतःचा सिनेमा. तो चांगला चालला. आता पहिल्यांदाच ती नाटक बसवत होती आणि त्यातल्या शब्द हरवत चाललेल्या आजोबांसाठी तिला एकच आवाज ऐकू येत होता. बाबुराव कोपरला घरीच बसून होते, त्यांना बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. तिने दया म्हणून बोलावलं नव्हतं, उट्टं काढायला तर मुळीच नाही. भूमिका त्यांची होती.

निर्मात्याने दुसरं नाव सुचवलं. सौमित्र म्हणाला, "ताई, सॉरी बोलून टाक ना. म्हातारा माणूस आहे."

रुचिताने माफी मागितली नाही, दुसरा नटही पाहिला नाही. रोज सगळ्यांना जाई तोच तालमीच्या वेळेचा मेसेज बाबुरावांनाही जात राहिला. त्यांच्या जागी ती स्वतः वाक्यं वाचायची. मनातून तिला धाकधूक होती, पण आपण बरोबर वागलोय याबद्दल शंका नव्हती.

बाबुराव निघून गेल्याच्या चौथ्या दिवशी ती हॉलवर पोचली तेव्हा ते पायरीवर बसलेले होते.

"तुला मी त्या वेळी काढलं, त्याचा राग आहे का हा?" त्यांनी विचारलं.

"राग होता, बरीच वर्षं. तुम्ही चुकलात, सर. पण त्या दिवशी तुम्हाला थांबवलं ते त्यासाठी नाही. हे आजोबा ओरडत नाहीत. तुमचा हळू आवाज लोकांनी कधी ऐकलाच नाहीये."

बाबुराव उठून आत गेले आणि त्यांनी विचारलं, "मी कुठल्या बाजूने यायचं?"

शुभारंभ ठाण्यात झाला. दुसऱ्या अंकात आजोबांना नातवाचं नाव आठवत नाही. तिथे बाबुराव थांबले, इतके की विंगेत सौमित्र गोंधळून तिच्याकडे बघायला लागला. रुचिताने त्याला हातानेच थांब म्हटलं. नाट्यगृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग ते नाव आलं, जेमतेम ऐकू जाईल असं, आणि मागच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन रडली.

पडद्यानंतर फोटोंसाठी झुंबड उडाली. बाबुराव त्यातून वाट काढत तिच्यापाशी आले.

"तो पॉज जरा लांबला का गं?"

"दोन सेकंद," रुचिता म्हणाली. "उद्या अकराला या, तेवढा प्रवेश पुन्हा करू."

बाबुरावांनी मान डोलावली आणि मेकअप उतरवायला गेले. रुचिता निर्मात्याकडे वळली, पुढचे प्रयोग ठरवायचे होते.