नऊ इंच माती

तळमजल्यावर फ्लॅट घेतला म्हणून बाबांना सगळे हसले होते. डास येणार, उंदीर येणार, वरच्या मजल्यांवरून कचरा पडणार. बाबांनी खुशाल हसू दिलं. बिल्डरने तळमजल्याला मागची बारा बाय वीस फुटांची मोकळी जागा जोडून दिली होती, आणि बाबांना खरं तर तीच घ्यायची होती. फ्लॅट तिच्यासोबत आला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मुंबईच्या एका सरकारी बागेत माळीकाम केलं. ज्या हिरवळीला रोज पाणी घालायचे तिच्यावर ‘बसू नये’ अशी पाटी होती, आणि दर दिवाळीला ती पाटी रंगवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. म्हणून मीरा रोडला आल्या आल्या त्यांनी मागे लॉन लावलं आणि येईल त्याला धरून त्यावर बसवलं. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूससुद्धा सुटला नाही.

जाण्याआधी त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. राख नदीत नको, समुद्रात नको, मागच्या मातीत मिसळा. वर दगड नको, नाव नको, फोटो नको. गवत राहू द्या आणि माणसांना बसू द्या. आम्ही शब्द न् शब्द पाळला. मी स्वतः गवत उचकटून राख मातीत कालवली, गवत परत दाबून बसवलं आणि आईच्या देखत सांगितलं, की पाण्याचं आता माझ्याकडे लागलं.

मग आई जालन्याला माझ्या बहिणीकडे, पंचशीलाकडे राहायला गेली. पंचशीलाला दुसरं बाळ झालं होतं आणि नोकरी सोडून चालणार नव्हतं. आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. जेवलास का, मानसी कशी आहे, आणि शेवटी, गवताला पाणी घातलंस का. मी हो म्हणायचो. पहिले दोन महिने ते खरंही होतं.

पुढे पाइप फाटला. नवा आणू म्हणता म्हणता उन्हाळा गेला, पावसाळ्यात पाण्याची गरजच नव्हती, आणि दिवाळीपर्यंत मागचं दार उघडायची सवय मोडली. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. समोरचा थापा मारतोय हे मला त्याच्या दुसऱ्या वाक्याला कळतं, आणि त्याचा मला गर्वही आहे. आईला मात्र मी तीन वर्षं न अडखळता हो म्हणत राहिलो. माझ्या बायकोने, मानसीने, दोनदा विषय काढला, तेव्हा मी तिच्यावरच डाफरलो, की एवढं वाटतं तर तू घाल पाणी. ती सकाळी सातला घर सोडते आणि रात्री आठला परतते, हे मला माहीत असताना. असा मी माणूस.

या जानेवारीत आईने फोनवर सांगितलं, की बाबांचा तिसरा स्मृतिदिन जालन्याला नको, आपल्या घरी करू, लॉनवर बसून. मी त्या दिवशी किती महिन्यांनी कोण जाणे, मागचं दार उघडलं. लॉन नव्हतंच. कमरेएवढं गाजरगवत, त्याच्या खाली लव्हाळा, वरच्यांनी टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या आणि कोणाची तरी मोडकी खुर्ची. मला आधी वरच्यांचा राग आला. राग यायला कोणीतरी लागतंच.

हातात पंचवीस दिवस होते. मी ईश्वर माळ्याला गाठलं. तो भाईंदरच्या बऱ्याच सोसायट्यांच्या बागा बघतो, भला माणूस आहे. त्याने खुरप्याने एक लव्हाळा उपटून मुळाशी लटकणारे काळे गड्डे दाखवले. गवत उपटून काही होणार नाही, म्हणाला, प्रत्येक गड्डा पुन्हा फुटतो. वरची नऊ इंच माती काढून टाकायची, लाल माती आणि शेणखत भरायचं आणि वर तयार लॉनच्या लाद्या बसवायच्या. वीस दिवसांत रुजेल. मी म्हटलं, करून टाक.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली, समोर उभा राहिलो, त्याच्या माणसांना दोनदा चहा दिला. माती पोत्यांत भरली गेली, पोती टेम्पोत चढली. ईश्वरने विचारलं, भाईंदरच्या पलीकडे डोंगरी गावात एकाला वावरात भर घालायला माती हवी आहे, देऊ का. मी म्हटलं, दे ना, कुणाच्या तरी कामी येईल. हे म्हणताना मला चक्क बरं वाटलं होतं.

संध्याकाळी मानसी आली. ती मागच्या दारात उभी राहून त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मग तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"समाधान, बाबा त्या मातीत होते."

मी ते विसरलो होतो. एखादा किल्ल्या विसरतो तसा मी माझा बाप विसरलो होतो, आणि हे याहून सभ्य शब्दांत मला सांगता येत नाही. ईश्वरला फोन केला तर तो म्हणाला, साहेब, दुपारीच रिकामी केली, फावड्याने सारखीसुद्धा केली. काय झालं, असं त्याने काळजीने विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

आईला सांगायचं नाही, असं मी रात्रीच ठरवलं. मानसी म्हणाली, मी खोटं बोलणार नाही, पण तुझ्या आधी तोंडही उघडणार नाही. लाद्या बसल्या. पाणी आता मी दिवसातून दोनदा घालत होतो, ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर. गवत असं रुजलं, की सोसायटीतले लोक फोटो काढून गेले. पाणी घालताना मी मान वर करत नसे.

आई आली ती चप्पल काढून थेट मागे गेली. अनवाणी चालली, वाकून गवतावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं ठेवलंस रे." गवत नवीन आहे हे माळ्याच्या बायकोला न कळायला काय झालं. तिने विचारलंच. जुनं विरळ झालं होतं, कार्यक्रमासाठी वरून नवं लावलं, असं मी सांगितलं. तिला पटलं. पटलं याचंच मला जास्त लागलं.

रविवारी पंचवीस-तीस माणसं लॉनवर बसली. आई प्रत्येकाला सांगत होती, की हे इथेच आहेत, तुम्ही त्यांच्याजवळच बसलाय. लोक आदराने हात टेकवत होते, बाजारातून आलेल्या लाल मातीवर. बुद्धवंदना सुरू झाली. पंचशील मी लहानपणापासून झोपेतही म्हणू शकतो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाज निघेना. शेजारी आई डोळे मिटून खणखणीत म्हणत होती. मी ओठ हलवले.

सगळे गेल्यावर, खिरीची पातेली घासायला पडली असताना मी आईला मागे नेलं आणि सांगितलं. नवं गवत लावताना चुकून जुनी माती निघाली, डोंगरीला गेली, बाबा त्यात गेले. एवढंच सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. अर्धं बोलूनच मला इतकं मोकळं वाटलं, की उरलेल्या अर्ध्याची गरज नाही असं मी स्वतःला पटवलं.

आई रडली नाही. ती गवतावर खाली बसली. मग म्हणाली, चूक माणसाकडूनच होते, उद्या मला तिथं घेऊन चल.

सकाळी रिक्षाने आम्ही डोंगरीला गेलो. ईश्वरने जागा सांगून ठेवली होती. वावर धर्माजी नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. तो वांग्यांना पाणी देत होता. बांधाकडच्या खोलगट कोपऱ्यात त्याने आमची माती पसरली होती, वांगी लावायला. पण वांग्यांची रोपं शोधावी लागत होती. सगळा कोपरा लव्हाळ्याने गच्च भरला होता. बाकीच्या वावरात त्याची एक काडी नव्हती.

"माती झकास हाय," धर्माजी म्हणाला, "पन हा लव्हाळा. काल उपटला का आज परत हाय. एवढा गड्डा मी जल्मात बघितला न्हाय."

आई पदर खोचून खाली बसली. मला वाटलं, हात जोडेल. तिने दोन बोटं मातीत खुपसून एक लव्हाळा सावकाश, मुळासकट वर काढला. गड्ड्याला गड्डा जोडलेली लांब माळ निघाली. तिने ती तळहातावर घेऊन निरखली. दुसरा काढला. तिसरा काढला. बाबांसोबत तिने उभा जन्म काढला होता, लव्हाळा किती दिवसांत किती पसरतो हे तिला मी काय सांगणार.

"हे एका पावसाचं नाही," ती म्हणाली.

धर्माजी पाण्याकडे बघायला निघून गेला. आई उपटत राहिली, माझ्याकडे न बघता. मीही शेजारी बसलो आणि उपटू लागलो, तर तिने माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"फोटोसमोर बोलत बसते म्हणून पंचशीला हसते मला," ती म्हणाली. "रोज तुझा फोन झाला की मी ह्यांना सांगायचे. समाधानने आज पाणी घातलं."

तिने माझं मनगट सोडलं आणि पुढचा लव्हाळा धरला.