कॉपीसुद्धा ओरिजनल

"अंजनीताई, शटर खाली घ्या! कॉपीच्या मालावर धाड पडतेय. गाडी अंबरनाथवरून निघाली पण," कोपऱ्यावरचा सायबरवाला फोनवर धापा टाकत म्हणाला आणि पुढच्याला कळवायला त्याने लगेच फोन ठेवला.

उल्हासनगरजवळच्या हेंद्रेपाड्यातल्या त्या गाळ्यांच्या रांगेत मग नेहमीची पळापळ सुरू झाली. सीडीवाला, मोबाइलवाला, गेमवाला, सगळ्यांची शटरं खडाखड खाली आली. अंजनीच्या कॉम्प्युटर क्लासचंही आलं, आणि शेजारच्या खिळ्यावर पुठ्ठ्याची पाटी लागली : 'लग्नाला गेलो आहोत. क्लास उद्या.' गेल्या काही वर्षांत अंजनी इतक्या लग्नांना जाऊन आली होती, की खरोखर गेली असती तर आहेरातच तिचं दिवाळं निघालं असतं.

तिने वायरी उपटल्या, पहिला सीपीयू छातीशी धरला आणि मागच्या दाराने राजाबाईच्या पिठाच्या गिरणीत शिरली. राजाबाईने पोती सारून जागा केली. दोघींचे हात या कामाला सरावलेले होते.

तसं पाहिलं तर दोष एकट्या अंजनीचा नव्हता. नवरा गेला, पाठोपाठ कारखान्यातली टायपिस्टची नोकरीही गेली, तेव्हा तिने हिंमत करून हा क्लास काढला. मशिनं घेतली उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या लछमनदास शेठकडून. "सब डाल के दिया है, दीदी. तुम्ही फक्त बटन दाबा," शेठ म्हणाला होता. त्या 'सब'मधलं एकही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नव्हतं. उल्हासनगरात घड्याळापासून साबणापर्यंत सगळ्याला जुळा भाऊ मिळतो, कॉम्प्युटरलाच कोण वगळणार? खरा माल घ्यायचा म्हटलं तर क्लास विकावा लागला असता. आणि क्लासवर घर चालत होतं.

पण घरात बबनराव होते. तिचे सासरे. रोज संध्याकाळी ते बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावत आणि डोळे मिटून पंचशील म्हणत. अंजनी मागून म्हणायची. दुसऱ्या शीलाशी आलं की तिचा आवाज बसायचा. 'जे दिलेलं नाही, ते घेणार नाही.' ओठ हलायचे, शब्द बाहेर पडायचा नाही. पुढे खोटं न बोलण्याचं शील आलं की लग्नाची पाटी तिच्या डोळ्यांसमोर नाचायची. म्हातारा कधी काही बोलला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागायचं.

म्हणूनच, क्लासमधून शिकून पुण्याला नोकरीला लागलेला विक्रांत भेटायला आला आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीबद्दल सांगू लागला, तेव्हा तिने बाकीचं सगळं सोडून एकच गोष्ट विचारली.

"पण चोरीची नाही ना रे?"

"नाही हो मॅडम. ज्यांनी बनवली त्यांनीच दिलीय. वापरा, कॉपी करा, वाटा. कोण काय बोलणार नाय."

दिलीय. तो शब्द अंजनीने मनात घट्ट धरून ठेवला. विक्रांतने मागवलेल्या सीडी परदेशातून पोस्टाने आल्या, तेव्हा तिने पोस्टमनला बसवून चहा पाजला.

पुढचं काही सरळ झालं नाही. सीडी घालताना पडद्यावर आलेल्या एका प्रश्नाला तिने घाईत 'हो' म्हटलं आणि मुलींच्या सरावाचं सगळं काम पुसलं गेलं. ती रडली, डोळे पुसले आणि पुन्हा बसली. मशिनं सुरू झाली तर प्रिंटर नव्या नवरीसारखा रुसला. त्यावरचा उपाय शोधायला सायबरमध्ये जाऊन बसावं लागलं. "स्टार्टचं बटनच नाय, हा कसला कॉम्प्युटर?" म्हणत काही पोरी दुसऱ्या क्लासला गेल्या. लछमनदास शेठने तर हातच जोडले. "फुकट का माल? दीदी, फुकट में तो थप्पड भी सोच के मिलता है!"

मग एका दुपारी तिला भाषा बदलायची सोय सापडली आणि पडद्यावर मराठी उमटली. पायल नावाची लाजाळू पोर, जी इंग्रजी मेनू दिसला की माऊस सोडून द्यायची, ती 'कचरापेटी' वाचून खुदकन हसली आणि स्वतःहून एकेक चित्र उघडून बघू लागली. त्या दिवशी अंजनीचा जीव भांड्यात पडला. आठवड्याभरात तिने शेवटच्या मशिनवरही लिनक्स चढवलं.

आणि तरीही ती आता गिरणीत उभी होती.

राजाबाई सीपीयूवर पोतं टाकता टाकता थांबली. "अगो अंजने, तू तर बोललीस ना, आता चोरीचं काय नाय म्हणून? मग लपवतेस काय?"

अंजनी तिच्याकडे बघतच राहिली. चोरी सुटली होती, चोराची चाल सुटली नव्हती. तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग रागच आला. तिने सीपीयू उचलला आणि क्लासमध्ये आणून वायरी जोडल्या. मग दोन्ही हातांनी शटर वर ढकललं. सगळ्या रांगेत तेवढं एकच शटर उघडं होतं, त्यामुळे पथकाची गाडी थेट तिच्याच दारात थांबली.

"पाटी लग्नाची आणि शटर उघडं?" साहेबांनी विचारलं.

पाटी काढायची राहूनच गेली होती. "लग्न मोडलं साहेब. या आत."

"मशिनमधल्या मालाचं बिल?"

"बिल नाही. परवाना आहे, तो मशिनमध्येच लिहिलाय. ही सीडी पोस्टाने आली. या बाकीच्या मी कॉपी केल्या."

हवालदाराने कपाळावर हात मारला. "बाई, पोलिसासमोर बोलताय कॉपी केली म्हणून?"

"हो. कॉपीसुद्धा ओरिजनल आहे ती."

"अर्धी नोकरी उल्हासनगरात गेली माझी, असं वाक्य पहिल्यांदा ऐकतोय!" हवालदार म्हणाला.

पथकाबरोबर आलेला जाणकार माणूस एकेका मशिनसमोर बसला. अंजनी दारातून हलली नाही. शेवटी तो उठला. "बरोबर बोलतायत साहेब. लिनक्स आहे. सगळं साफ."

"आणि हे पीठ कसलं?" साहेबांनी एका सीपीयूवर बोट फिरवलं.

"मघाशी घाबरून गिरणीत लपवला होता. सवयीने. मग आठवलं, लपवण्यासारखं काही नाही."

साहेब मोठ्याने हसले. हवालदार मात्र रेंगाळला. "पोरीसाठी एक सीडी मिळंल का? पैसे सांगा."

"पैसे नाहीत. न्या. तिलाही सांगा, पुढे वाटायची."

गाडी वळली आणि शटरं एकेक करून वर झाली. जो तो अंजनीच्या दारात जमला. सायबरवाल्याने तर तिथेच सीडी मागितली. पाटी राजाबाईने नेली आणि पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली.

संध्याकाळी बबनरावांनी मेणबत्ती लावली. पहिलं शील झालं. दुसरं सुरू झालं आणि अंजनीचा आवाज मोकळा, खणखणीत निघाला. बबनरावांनी डोळे उघडले नाहीत. फक्त आपला आवाज थोडा खाली घेतला, तिचा नीट ऐकू यावा म्हणून.