गुलाबी बाटल्यांचा निवाडा

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मासेमार सोसायटीचे सगळे सभासद छातीशी एकेक काचेची बाटली धरून उन्हात उभे होते. ज्याची बाटली गुलाबी होई, तो परीक्षेत पहिला आल्यासारखा नाचायला लागे.

"झाली! माझीपण झाली!"

मधोमध खुर्चीवर दर्यामहाराज बसले होते. सोसायटीच्या ऑफिसातून मासे शोधायचं नवंकोरं यंत्र चोरीला गेलं होतं. पोलिसांत गेलो तर नाचक्की होईल म्हणून अध्यक्षांनी चोर शोधायला महाराजांना बोलावलं. त्या आठवड्यात समुद्रावर लाकडाच्या भुशासारखा तपकिरी थर तरंगत होता. महाराजांनी तो गाळून आणला, सकाळी प्रत्येकाच्या बाटलीत चिमूटभर टाकला आणि त्यांच्या चेल्याने वरून पाणी ओतलं.

"ही दर्याची धूळ आहे, लेकरांनो! मन साफ असलं की दर्या लाजतो, गुलाबी होतो. मनात पाप असलं की तोंड फिरवतो. यात माझं काही नाही हं, मी नुसता पोस्टमन!"

पोस्टमनसाठी खुर्ची, छत्री आणि पंखा यांची सोय सोसायटीने केली होती.

मी धक्क्यामागे बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पापी माणसाने हात लावला म्हणून इंजिन बंद पडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. डिझेलमध्ये पाणी गेलं की ते साधूच्या हातातही बंद पडतं. त्यामुळे मी मागे उभा राहून फुकटची करमणूक बघत होतो. पण दुपारी निकाल लागला आणि माझं हसू गेलं. सगळ्यांच्या बाटल्या रंगल्या होत्या. फक्त माझ्या सासऱ्यांची, अप्पांची, तशीच कोरी राहिली होती.

अप्पा सोसायटीची मोठी बोट चालवतात. माणूस सरळ, पण जिभेला हाड नाही. सकाळी बाटली घेताना त्यांनी महाराजांना विचारलं होतं, "दर्याला एवढं सगळं कळतं, तर वादळाच्या आधी जरा सांगायला त्याचं काय जातं?" लोक खो खो हसले होते. महाराज हसले नव्हते.

"अप्पा, बोटीची किल्ली द्या," अध्यक्ष खाली बघत म्हणाले.

सकाळी हसलेले लोक आता दोन पावलं मागे सरकले. अप्पांनी खिशातून किल्ली काढून अध्यक्षांच्या हातावर ठेवली. मला ते बघवेना. मी बाजूला होऊन बायकोला फोन केला.

माझी बायको म्हणजे अप्पांची मुलगी. ती समुद्र संशोधन संस्थेत आहे आणि नेमकी याच भुशावर संशोधन करते. जेवताना मी कुठलाही विषय काढला तरी गाडी शेवटी त्या भुशावरच येते. स्कूटर दामटत ती आली, अध्यक्षांची गुलाबी बाटली उन्हात धरली आणि फिसकन हसली.

"अगं, तुझ्या वडिलांना चोर ठरवतायत आणि तू हसतेस काय?"

तिने अप्पांची बाटली उघडून एक घोट तोंडात घेतला.

"अरे, पाप्याचं पाणी प्यायली!" कुणीतरी ओरडलं.

तिने ते थुंकून टाकलं. "खारट." मग अध्यक्षांची बाटली पुढे केली. "आता तुम्ही तुमचं चाखा. गिळू नका फक्त."

अध्यक्षांनी चाखलं. "हे तर नळाचं पाणी!"

मग काय, धक्काभर चाखणं आणि थुंकणं सुरू झालं. ज्यांच्या बाटल्या गुलाबी, त्यांचं पाणी गोडं. खारं एकट्या अप्पांचं.

"ही धूळ नाही, जिवंत आहे," बायको म्हणाली. "हे समुद्रातले अगदी बारीक जीव आहेत, यांना ट्रायकोडेस्मियम म्हणतात. हवेतला नायट्रोजन पकडून हे समुद्रासाठी खत बनवतात. त्या खतावर पाण्यातल्या बारीक वनस्पती वाढतात आणि त्यांच्या जिवावर तुमचे मासे. एवढं मोठं काम करणाऱ्यांना महाराजांनी चोर पकडायला जुंपलंय! यांच्या पोटात गुलाबी रंग असतो. हे खाऱ्या पाण्यातले जीव, गोड्यात टाकले की पाणी आत शिरतं, ते फुगतात, फुटतात आणि रंग बाहेर येतो. मी नवीन असताना महिन्याभराचा नमुना नळाखाली धुतला होता. सगळा रंग बेसिनमध्ये गेला. मी चोर होते म्हणून नव्हे, बावळट होते म्हणून!"

"बाई, ते तुमचं विज्ञान," महाराज म्हणाले. "दर्याची लीला वेगळी."

"मग लीलाच बघू."

खुर्चीमागे दोन कॅन होते, एक गोड्या पाण्याचा, एक खाऱ्या पाण्याचा. तिने दोन बाटल्या भरल्या, दोन्हींत सारखाच चिमूटभर भुसा टाकला आणि महाराजांच्या एकेका हातात दिल्या. महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला.

"बसा हो," अप्पा म्हणाले. "छत्री आहे, पंखा आहे, घाई कसली?"

ऊन उतरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. चेला मात्र केव्हाच पसार झाला होता. महाराजांच्या उजव्या हातातली बाटली हळूहळू मस्त गुलाबी झाली. डाव्या हातातलं पाणी होतं तसंच राहिलं.

"महाराज," मासळी विकणारी मावशी ओरडली, "तुमचा उजवा हात साधू आणि डावा चोर का हो?"

धक्का हसून हसून लोळला. त्या गडबडीत अध्यक्ष अप्पांकडे आले आणि किल्ली त्यांच्या हातात परत ठेवली. अप्पांनी ती घेतली, पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एरवी त्यांना गप्प करणं कुणाला जमत नाही. त्या संध्याकाळी मला महाराजांपेक्षा त्या दोन पावलं मागे सरकलेल्या लोकांचा राग आला, अजूनही येतो.

यंत्र अजून सापडलेलं नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास रखडला आहे. "महाराजांनी निदान चोर सांगितला तरी होता," असं कुरकुरणारे आजही भेटतात. सांगितला होता, पण खोटा. चोर कोण ते माहीत नाही, असं म्हणायला लाज कसली? माहीत नसेल तर शोधा, विचारा, तपासा. कुणी चमत्काराने रंग बदलून दाखवला, तर रंगाकडे बघत बसू नका, पाणी कुठून आलं ते विचारा. त्यासाठी शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. त्या दिवशी धक्क्यावरच्या प्रत्येक सभासदाच्या हातात बाटली होती आणि तोंडात जीभ होती. अप्पांची मुलगी येईपर्यंत एकानेही पाणी चाखून बघितलं नाही.