शोकपत्रकातलं पहिलं नाव

"नावं नीट लिहून घे. आधी मी. मग माझे दोघे मुलगे, सुना, नातवंडं. मग आन्कोना शहरातली चुलत भावंडं. आणि शेवटी एक ओळ टाक, 'तसेच मित्रपरिवार'. झालं."

सिन्योरा एर्सिलियाने हातमोजेसुद्धा काढले नव्हते. समोर टेबलामागे नाझारेनो बाल्दोनी बसला होता. इटलीतल्या आमच्या मोंतेरावो गावातला हा एकुलता एक अंत्यविधीवाला. शवपेटी, फुलं, गाडी, पत्रकं, सगळं त्याच्याकडेच. त्याने टंकता टंकता बोटं थांबवली.

"आणि दुइलिओ?"

"दुइलिओचं काय?"

"नाही, म्हणजे त्याचं नाव कुठे घालू?"

"सांगितलं ना, मित्रपरिवार. मित्रच आहे ना तो माझ्या भावाचा? मग त्यात आला की."

"बरं," नाझारेनो म्हणाला आणि पुढे टंकू लागला.

आता हा दुइलिओ कोण, ते ऐका. एर्सिलियाचा धाकटा भाऊ एल्वियो चिंगोलानी त्याच पहाटे हृदयविकाराने गेला होता. एल्वियो अकॉर्डियनचे सूर लावायचा. पंचक्रोशीतल्या लग्नांत वाजणारं प्रत्येक अकॉर्डियन कधी ना कधी त्याच्या मांडीवर बसून गेलेलं. आणि दुइलिओ ब्रांदोनी म्हणजे शाळेची बस चालवणारा, आता निवृत्त झालेला. हे दोघे एकतीस वर्षं एका घरात राहिले. एका ताटात जेवले म्हणा ना! चार वर्षांपूर्वी नगरपालिकेत जाऊन दोघांनी कायद्याने नागरी सहजीवनाची नोंदणीही केली. गावाने टाळ्या वाजवल्या, जेवण चापलं. एर्सिलिया तेवढी आली नाही. ती औषधविक्रेत्याची विधवा, घराण्याचा मोठा अभिमान, आणि आवाज असा की अर्धं गाव बसल्या जागेवरून उठून उभं राहतं.

नाझारेनोला हे सगळं ठाऊक होतं. तरी त्याने मुकाट्याने लिहिलं! का? तर भांडण नको. गिऱ्हाईक जुनं. त्याच्या बापाने तिच्या बापाला पोचवलेलं. भांडण नको म्हणून मूग गिळून बसणारी ही माणसं! प्रत्येक गावात त्यांचा सुकाळ असतो, आणि प्रत्येक गावातला अन्याय त्यांच्याच खांद्यावर बसून हिंडतो.

"आणि पेटी आमच्या समाधीघरात जाईल," जाता जाता एर्सिलिया म्हणाली. "वडिलांच्या शेजारी. उद्या अकराला."

दुपारच्या आत पत्रकं भिंतींवर लागली. एक चर्चजवळ, एक कॉफीच्या दुकानाशेजारी, एक बसथांब्यावर. आमच्याकडे शोकपत्रक म्हणजे साधा कागद नव्हे. माणसं खिशातून चष्मा काढतात आणि वरून खाली एकेक नाव वाचतात. कोण गेलं यापेक्षा तो कोणाचा होता, हे तिथे कळतं. कोणाचं नाव कुठल्या ओळीत आलं, यावर सहा सहा महिने अबोले चालतात. त्या दिवशीही माणसांनी वाचलं, एकमेकांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि कॉफी प्यायला गेली. एकालाही चीड आली नाही.

एकीला आली. इवाना पिएरांतोनी, नगरपालिकेची नोंदणी अधिकारी. जन्म, मृत्यू, लग्न, सहजीवन, सगळ्या नोंदी तिच्या हाताखालून जातात. पत्रक वाचून ती कॉफी न पिताच तरातरा नाझारेनोच्या दुकानात शिरली.

"हे काय छापलंयस?"

"घरच्यांनी सांगितलं ते छापलं."

"घरचे? कुठले घरचे? एल्वियोच्या घरी कोण राहतं, रे?"

"इवाना, हळू बोल. हा त्यांचा घरगुती मामला आहे. मी मध्ये कशाला पडू?"

"तू मध्येच आहेस! चार वर्षांपूर्वी माझ्या समोर दुइलिओच्या उजव्या हाताला निळा टाय लावून कोण उभं होतं? साक्षीदार म्हणून सही कोणाची आहे? माझ्या आजीची?"

नाझारेनोचा चेहरा उतरला. "ते... साक्षीदार लागतात दोन, म्हणून मला बोलावलं. कागदापुरतं."

"कागदापुरतं! आणि नंतर तळलेली ऑलिव्हं बशी बशी भरून हाणलीस, तीही कागदापुरती? अरे, दोन साक्षीदार कायद्याने कशाला मागितलेत? फोटोत शोभा यावी म्हणून? उद्या कोणी म्हणालं की असं काही झालंच नाही, तर 'झालं, मी पाहिलंय' असं म्हणायला! तो उद्या आज उगवलाय, आणि तूच मित्रपरिवार छापून मोकळा झालास!"

"पण इवाना, ते काही लग्न नव्हे ना. वेगळंच काहीतरी आहे ते."

"मी कलमं वाचत होते तेव्हा जांभया देत होतास, म्हणून आता असं बोलतोयस." इवाना खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. "नीट ऐक. दोघं सज्ञान हवीत, दोघांत रक्ताचं नातं नको, कोणाचं आधीचं लग्न शिल्लक नको. अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांसमोर दोघांनी सांगायचं की आम्ही एकमेकांचे. मग एका घरात राहायचं, एकमेकांना आधार द्यायचा, ज्याच्या त्याच्या ऐपतीने घरासाठी झिजायचं. ही झाली जबाबदारी. झिजला की नाही दुइलिओ?"

"झिजला. मागल्या वर्षी एल्वियोला रोज दवाखान्यात तोच न्यायचा."

"मग आता हक्क ऐक. दवाखान्यात उशाशी बसायचा, निवृत्तिवेतनाचा, वारशाचा, सगळा नवरा-बायकोसारखा. मूल दत्तक घ्यायचा हक्क मात्र यांना दिला नाही. तो वेगळा अन्याय, त्याचं भांडण वेगळं. लग्न हा शब्द द्यायलाही पुढाऱ्यांच्या जिभा अडखळल्या. पण माणूस गेल्यावर त्याला कुठे ठेवायचं हे कोण ठरवतं? पहिला जोडीदार. बहीण त्याच्यानंतर. नंतर, नाझारेनो! दफनाचा परवाना माझ्या टेबलावरून जातो आणि दुइलिओच्या सहीशिवाय तो जाणार नाही. सही घेतलीस त्याची?"

"सिन्योरा म्हणाल्या, कागदपत्रांचं त्या बघतील."

"वा! आणि तू मान डोलावलीस."

"दुइलिओ स्वतः काही बोलला नाही, इवाना. त्याला चालत असेल तर आपण कोण?"

"त्याला चालतंय का, हे विचारलंस? जा, आधी विचारून ये."

नाझारेनो गेला. दुइलिओच्या स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीत एल्वियो निजवलेला, भोवती चार अकॉर्डियनं, दोन अर्धवट दुरुस्त. दुइलिओ टेबलापाशी बसला होता. त्याने कॉफीचं भांडं शेगडीवर चढवलं, पण शेगडी पेटवायला विसरला.

"दुइलिओ, पेटी कुठे न्यायची ते विचारायला आलोय."

"एर्सिलियाने सांगितलं नाही? त्यांच्या समाधीघरात."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? रक्ताचं नातं तिचं." तो थोडा वेळ टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा करत राहिला. "दफनभूमीच्या नव्या भिंतीत आम्ही शवपेट्यांचे दोन कोनाडे घेऊन ठेवलेत, शेजारी शेजारी. एल्वियो म्हणायचा, त्या समाधीघरात मला टाकू नकोस. तिथे आमचा म्हातारा बाप आहे. मी तुझ्याकडे राहायला आलो तेव्हापासून मरेपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आता कायमचा त्याच्या कुशीत निजू? असं हसत हसत म्हणायचा. पण खरंच म्हणायचा."

"मग तिला सांगितलं नाहीस हे?"

"सांगितलं. ती म्हणाली, दुःखात माणूस काहीही बोलतो. समाधीघराला फाटक आहे, कुलूप आहे. मी म्हटलं, निदान एक किल्ली दे, रविवारी फुलं ठेवत जाईन. तर म्हणाली, दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ते सगळ्यांसाठी उघडंच असतं."

वर्षातून एकदा! एकतीस वर्षं ज्याचे कपडे धुतले, ज्याची पथ्यं सांभाळली, ज्याचं डोकं शेवटच्या क्षणी मांडीवर घेतलं, त्याला भेटायचं वर्षातून एकदा, सगळ्या गावाबरोबर रांगेत! भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. हा भला माणूस भिडेपोटी गप्प बसला आणि आपल्याच माणसाच्या थडग्यासाठी दुसऱ्याच्या दारात याचक झाला.

"तू भांडला का नाहीस, दुइलिओ?" नाझारेनो जवळजवळ ओरडलाच. "कायदा तुझ्या बाजूचा आहे!"

दुइलिओने मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"भांडणार होतो. सकाळी सगळं ठरवलं होतं. मग ब्रेड आणायला खाली उतरलो तर भिंतीवर पत्रक. चष्मा लावून दोनदा वाचलं. खाली तुझ्या दुकानाचं नाव. म्हटलं, ज्याने साक्षीची सही केली तोच मला मित्रपरिवारात घालतोय, तर मग आमचं काही झालंच नसेल. मलाच स्वप्न पडलं असेल."

नाझारेनोला थोबाडीत बसल्यासारखं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखात हळू आवाजात बोलण्याचा त्याचा धंदा. त्या क्षणी पहिल्यांदा त्याला स्वतःच्या त्या हळू आवाजाची किळस आली. शरम कसली वाटायला हवी होती आणि आपल्याला भीती कसली वाटत होती!

"सही कर," त्याने खिशातून परवान्याचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. "कोनाड्याचा क्रमांक सांग. बाकीचं मी बघतो."

तासाभराने एर्सिलिया दुकानात आली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"नाझारेनो, मी हे काय ऐकतेय? चिंगोलानी घराण्याचा मुलगा भिंतीतल्या भोकात जाणार?"

"जिथे त्याला जायचं होतं तिथे जाणार, सिन्योरा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक सकाळी काहीच म्हणाले नाहीत, त्याचीच मला लाज वाटतेय."

"मग मी शेजारच्या गावचा माणूस बोलावते!"

"बोलवा. त्यालाही दुइलिओचीच सही लागेल. तुमची चालणार नाही."

एर्सिलियाचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "लहानपणी मी त्याला न्हाऊ घातलंय. आई गेल्यावर मीच त्याची आई होते. आणि तू मला कायदा शिकवतोस?"

"म्हणून तर तुमचं नाव नव्या पत्रकातही आहे, सिन्योरा," नाझारेनो म्हणाला. तो उभा राहिला होता, पण या वेळी मान देण्यासाठी नव्हे. "दुसऱ्या ओळीत. तुम्ही त्याला न्हाऊ घातलं असेल, पण तो दुइलिओकडे राहायला गेल्यावर एकतीस वर्षांत कितीदा त्यांच्या घरची पायरी चढलात? जिवंतपणी ज्याला जेवायला बोलावलं नाही, त्याला मेल्यावर पळवून नेताय!"

एर्सिलिया वळली. हातमोजे टेबलावरच विसरून निघून गेली.

नाझारेनोने नवी पत्रकं स्वतःच्या हाताने चिकटवली, भर संध्याकाळी, सगळं गाव फेऱ्या मारायला बाहेर पडतं तेव्हा. जुन्या कागदावर खळ लावून नवा कागद. पहिल्या ओळीत: 'सहजीवनाचा जोडीदार दुइलिओ.' दुसऱ्या ओळीत बहीण. कोणी विचारलं, "चूक झाली होती का रे?" तर तो मोठ्याने म्हणायचा, "हो. माझी!"

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे घरची माणसं चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली, लोकांनी येऊन हात हातात घ्यावा म्हणून. एर्सिलिया सर्वांत पुढे. दुइलिओ मागे खांबाशी, टोपी हातात. लोक सवयीने एर्सिलियाकडे वळू लागले. अंत्यविधीवाला कधी त्या रांगेत उभा राहत नाही, त्याची जागा गाडीपाशी. नाझारेनो रांगेच्या पुढे आला, एर्सिलियासमोरून सरळ खांबापर्यंत गेला आणि त्याने दुइलिओचे दोन्ही हात धरले.

"तुझा जोडीदार गेला, दुइलिओ. आम्हा सगळ्यांना दुःख आहे."

एवढंच! पण रांग वळली. आधी इवाना, मग दुइलिओच्या बसमधून शाळेला गेलेली, आता स्वतःची पोरं घेऊन आलेली माणसं. एर्सिलिया पाहत राहिली. मग ती हळूच एक पायरी खाली उतरली आणि तिने जागा करून दिली.

दफनभूमीत कोनाड्यावर दगड बसला. माणसं पांगली. एर्सिलिया घुटमळत होती. शेवटी ती दुइलिओजवळ आली. सगळ्या गावाला हुकूम सोडणाऱ्या त्या बाईचा आवाज कसाबसा बाहेर पडला.

"दुइलिओ, रविवारी मी इथे फुलं आणली तर चालेल?"

दुइलिओने तिच्याकडे पाहिलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. कायद्याने, न्यायाने, आणि कालच्या दिवसाच्या हिशेबानेही.

"विचारतेस काय, एर्सिलिया? तुझा भाऊ आहे. दहाला ये, मी असेन."

वाचकहो, हक्क माणसाच्या हाती येतो तेव्हाच त्याचं मन कळतं. पण तो हक्क दुइलिओच्या हाती पोचायला एका अधिकारी बाईला संतापावं लागलं आणि एका भित्र्या माणसाला शरमावं लागलं, हे विसरू नका. संसदेने कायदा केला होता. तो चार वर्षं नोंदवहीत बसून होता. गावाने मुकाट राहून तो एका सकाळीत मोडीत काढला असता! म्हणून सांगतो, कोणाच्या सुखाच्या दिवशी साक्षीची सही केली असेल, तर दुःखाच्या दिवशी तोंड उघडा. ज्यांनी एकमेकांना निवडलं, आयुष्यभर सांभाळलं, त्यांचं नातं आपल्या सोयीने मित्रपरिवारात ढकलू नका. आणि ते जमत नसेल, तर निदान त्यांच्या घरची ऑलिव्हं खायला तरी जाऊ नका.