बिननावाचे दिवे

"नाव घे, मंगच उंबरठा लांग! नाई तं राय उभा रातभर!"

रुखमाचा तो आवाज इतकी वर्षं उलटली तरी इश्वरच्या मायच्या कानातून उतरला नव्हता. सानगडीच्या घराचं तेच दार. अंगावर हळद, पदराची गाठ नवरदेवाच्या शेल्याला, आणि नणंद रुखमा दोन्ही हात आडवे करून दारात. मागं बायांची ही खिदळ. नवरदेव खुशालनं एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा पायांकडे, आणि मग भरल्या घरासमोर खांद्यावरचा शेला सोडून तो गोठ्याच्या वाटेनं आत पळाला. नवरी उंबरठा ओलांडून आली ती पदराला रिकामा शेला बांधून. सासरच्या बाया पुढं कितीतरी दिवस म्हणायच्या, "शेला आला व, शेल्यातला मानूस नाई आला."

पळाला तो पळालाच. त्यानंतर खुशालनं बायकोचं नाव म्हणून घेतलं नाही. आधी 'अवं' होतं, मग इश्वर झाला आणि 'इश्वरची माय' सोयीचं पडलं. तिनं मात्र दर हळदीकुंकवाला त्याचं नाव घेतलं, कधी गुंफून, कधी चिमटा काढून. तिचं नाव इथंही आधीच सांगून टाकणं बरं दिसायचं नाही. पहिला मान ज्याचा, त्यानं घ्यावं.

आता इश्वरचं लग्न ठरलं होतं. गावात खांब येऊन वर्ष झालं होतं, घरात बिजली आली होती, आणि दाराच्या दोन बाजूंना भिंतीवरचे दोन दिवे लावायचं खुशालच्या मनात आलं. सून त्या दिव्यांच्या उजेडात आत येईल. रुखमा पुन्हा दार अडवील. इश्वर बापासारखा नाही, तो नाव घेईल. आणि सासू? सून नाव घेऊन उंबरठा ओलांडणार, अन् सासू अजून बिननावाची घरात वावरणार? दळता दळता तिनं जात्यालाच सांगून टाकलं:

दारी दिवा लावला बाई, उजेड गेला शेजारी,
माझं नाव सासरात कोणी घेईना उजागरी.

म्हणून खुशालबरोबर एस्टीनं ती भंडाऱ्याला उतरली तेव्हा तिच्या मनात दिव्यांपेक्षा दुसराच बेत होता.

घनश्यामचं दुकान पितळेच्या भांड्यांचं. खेडोपाडी बिजली पोचायला लागली तसे त्यानं एका भिंतीवर विजेचे दिवेही टांगले होते. दारातच हिरालाल बसायचा. हातात छिन्नी, पुढ्यात हातोडी. घेतलेल्या भांड्यावर नाव टाकून द्यायचं त्याचं काम. पंगतीत भांडी सरमिसळ होतात, म्हणून गावागावांतून लोक त्याच्याकडून नाव टाकूनच नेत. कारध्याच्या चंद्रभागाबाई लेकीच्या रुखवताचा गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, घेऊन तिथंच बसल्या होत्या. गुंडावर अक्षरं उमटत होती, टक टक टक.

घनश्यामनं काचेचं गुलाबी फूल असलेला दिवा पुढं केला. "हे लगनघरात शोभते, बाई."

तिनं तो उलटा केला, भिंतीला टेकणारी बाजू पाहिली, बाजूला ठेवला. "चिमणीनं चोच मारली तं खल्लास."

मग मोर आला. पिसारा भिंतीवर पसरलेला, चोचीत बल्ब. खुशालला फार आवडला.

"मोर रातभर तोंडात आग धरून बसन? पाप लागन ना," ती म्हणाली. पण बोटं पुन्हा मागच्या पट्टीवरून फिरली. पट्टी अरुंद होती.

हत्तीची सोंड झाली, मेणबत्तीसारखा पांढरा प्लास्टिकचा झाला. ती प्रत्येकाची पाठ पाही आणि नाक मुरडी. खुशालनं शेवटी कपाळाला हात लावला.

"अवं, दिवा पुढून पायतेत का मांगून? सोयरीक असली तं पाठ नाई पायत कोणी!"

"सोयरिकीत पाठच पाहावी लागते," ती म्हणाली. "मी समोरून पायलं, अन् नवरा पाठ दाखवून गोठ्यात गेला."

चंद्रभागाबाईंनी पदर तोंडाला लावला. हिरालालची छिन्नी थांबली.

एवढ्यात तिला हवी ती जोडी दिसली, वरच्या खिळ्यावर धूळ खात. पितळेची साधी कमळकळी, कळीवर दुधी काच, आणि खाली तळहाताएवढी सपाट पट्टी. ती पट्टी तिनं पदरानं पुसली तेव्हा खिडकीचा उजेड तिच्यात उतरला.

"ह्येच द्या. अन् ह्याच्यावर नाव टाका."

घनश्याम हसला. "दिव्यावर कोणी नाव टाकते का, बाई?"

"दिवा का पंगतीत जाते?" खुशाल म्हणाला.

"पितळ आहे ना? मंग बिननावाचं पितळ आमच्या घरात नाई येत."

यात खोट काढायला जागा नव्हती. तो नियम खुद्द खुशालच्या बापाचा. हिरालालनं दिवा मांडीवर घेतला, छिन्नी टेकवली आणि खुशालकडे पाहिलं. "नाव सांगा, भाऊ."

"टाका ना... खुशाल."

"तुमच्या नावाचे गुंड, तुमच्या नावाची परात, तुमच्या नावाचा भाताचा गंज," ती म्हणाली. "घरात पाय ठेवाले जागा नाई. दिवा लावनारीचं नाव टाका."

"मंग टाका... इश्वरची माय."

"ते नाव नोहे, भाऊ," हिरालाल गंभीरपणे म्हणाला. "उद्या सुनेले पोरगा झाला अन् त्याचंबी नाव इश्वर ठेवलं, तं दिवा कोणाचा?"

"बापाचं नाव का कोणी लेकाले ठेवते!" खुशालनं वाद काढून पाहिला, पण कोणी धरला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हिलेच इचारा ना. इथंच तं उभी आहे."

"मले का माहीत?" तिनं डोळे मोठ्ठे केले. "सासरी कोणी घेतलंच नाई, मी इसरून गेली."

चंद्रभागाबाई आता उघड हसत होत्या. "घ्या ना हो भाऊ! आमचा गुंड अडून राह्यला तुमच्यापायी."

खुशालनं दाराकडे पाहिलं. इश्वरच्या मायनं त्याची नजर पकडली. पिशवी उचलून ती दुकानाच्या उंबरठ्यावरच जाऊन बसली, दोन्ही हात दोन्ही चौकटींना लावून. तिथं गोठ्याची वाट नव्हती.

हसू तिच्या ओठांवर होतं, पण मनात हिशेब पक्का होता. आज नाही म्हणाला, तर पुन्हा ती विचारणार नव्हती. हे तिनं भंडाऱ्याच्या वाटेवर स्वतःला बजावलं होतं.

खुशालनं टोपी काढली, पुन्हा घातली. मग दिव्याच्या कळीकडे पाहत, जणू तिच्याशीच बोलतोय असं, हळू म्हणाला, "त्या दिवशी मले नाव घेता येत होतं. तळ्याच्या पारीवर बसून, खालच्या धानाच्या बांधीकडं पायत, चार दिवस जोडलं होतं. रुखमा अडवन हे ठाऊकच होतं. पन तू पदराआडून माझ्याकडं पायलं, अन् मले वाटलं, इतक्या लोकायमंदी हे बोललो तं रडन मी. म्हनून पळालो."

"मंग आता?" तिनं विचारलं. चौकटीवरचे हात तिनं काढले नाहीत.

खुशालनं घसा खाकरला. आणि त्या जुन्या दारात राहून गेलेले शब्द, एकही न गाळता, भर बाजारात मोठ्यानं म्हटले:

"तळ्याचं पानी बांधीत आलं, धान डोलते दाट,
सुलोचनाचं नाव घेतो, रुखमाबाई, सोड वाट!"