टाकी भरल्याचे ठोके

कोंडाबाईचं कुणीच खरं मानलं नाही, हीच तिची तक्रार होती, आणि सायली गावातल्या त्या चाळीत पाण्याला उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती तिने तोंडावर ऐकवली होती. पाईप आपणहून वाजतो, मी वाजवत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

चाळीची रीत अशी, की गच्चीवरची टाकी भरली की वरच्या मजल्यावरच्या माणसाने पाईपवर उलथण्याने तीन ठोके द्यायचे आणि खाली मोटर सांभाळणाऱ्या नथूने ती बंद करायची. हाक मारून उपयोग नव्हता. शेजारच्या कंपनीची घरघर दिवसभर चालायची. टाकीखालची खोली कोंडाबाईची, म्हणून ठोके तिचेच. पण अलीकडे टाकी अर्धीही होत नाही तोच ठोके पडत, मोटर थांबे आणि बायका रिकामे हंडे घेऊन तिच्या दारात येत.

"भाभी, आमचं पाणी तोडून तुम्हाला कुठला स्वर्ग मिळतो?" त्यांच्यातल्या चंदाने विचारलं.

"तुझ्या पाण्यासाठी ठोके द्यायला मी काय येडी शे का?" असं म्हणून कोंडाबाईने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी मालकाचा निरोप आला, हे थांबलं नाही तर खोली खाली करा. गावाकडे परतायला घर उरलं नव्हतं. नवऱ्याची, सुकदेवची धागा कंपनीतली नोकरी आणि ही खोली, एवढ्यावरच संसार उभा होता.

म्हणून तिनेच ललित मिस्त्रीला बोलावलं. दुपारी सगळी चाळ तिच्या खोलीत दाटली. ललितने पाईपला कान लावला, लाइनमधली हवा काढली, ढिले क्लॅम्प आवळले, पाईप आणि भिंतीच्या मध्ये रबराचे तुकडे बसवले. वाहतं पाणी एकदम अडलं की पाईप असा आपटतो, त्याला माणूस लागत नाही, असं तो म्हणाला, तेव्हा कोंडाबाईने चंदाकडे असं पाहिलं की चंदाने उगीच पदर सारखा केला.

मोटर सुरू झाली. पाणी चढू लागलं. पाईप गप्प होता, आणि कोंडाबाईच्या छातीवरचा धोंडा जरा हलतोय न हलतोय तोच ठोके पडले. तीन. सावकाश, माणसाने द्यावेत तसे.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "आता तरी ऐकलंत ना?"

पाईपकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे तिच्या हाताकडे पाहत होते. हातात उलथणं होतं. ते कधी उचललं, तिला आठवेना.

सुकदेवने ते काढून घेऊन ललितकडे दिलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. तेवढ्यात पाईपवर पुन्हा तीन ठोके पडले. पहिले ठोके मिस्त्रीचे समजून नथूने सोडले असावेत; या वेळी खाली मोटर थांबली.

टाकी भरली नाही, मग आता कुणी वाजवलं, असं विचारत नथू जिना चढून वर आला. ठोके सगळ्यांनी ऐकले होते. तिचे हात कुणाच्या हातांत आहेत, हेही सगळ्यांना दिसत होतं. कोंडाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. हा तरी सांगेल.

तिचे हात न सोडता सुकदेव दारातल्या नथूकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "कोंडाबाईने."